बिनधारेचे वस्तारे

गल्लीत त्याला सगळे गुळगुळीतभाऊ म्हणत. आपण घडवलेला प्रत्येक वस्तारा तो आधी स्वतःच्या गालावर चालवून बघायचा, आणि कुठे जरा अडखळला की पुन्हा दगडावर घासायला घ्यायचा. आता गाल दोनच, आणि दाढी काही मागणी बघून उगवत नाही. त्यामुळे आठवड्याला दोनाच्या वर वस्तारे त्याच्या हातून कधी बाहेर पडले नाहीत.

विक्री मुलगी बघायची. तिनं एका कंपनीची ऑर्डर आणली. पाहुण्यांना भेट द्यायला दोनशे वस्तारे, शिंगाची मूठ, मखमली डबी. अट एकच, धार नको; साहेबलोकांची बोटं कापतील.

"मग दाढी कशानं करणार ते?"

"करणारच नाहीत, बाबा. कपाटात ठेवणार."

त्याला साहेबलोकांची किळस आली. डबीत घालायच्या चिठ्ठीवर 'खऱ्या पुरुषाची परंपरा' असं सोनेरी अक्षरात छापलं होतं. कसली परंपरा नि कसलं काय, नुसती थेरं! अशा माणसांच्या हाती चमचासुद्धा देऊ नये, असं त्याचं स्वच्छ मत पडलं.

"नको असेल तर नाही म्हणते," मुलगी शांतपणे म्हणाली. "पण मग भट्टी बंद. मी कुठेतरी नोकरी धरते, तुम्ही घरी बसा."

घरी बसणं त्याला जमणारं नव्हतं. नाक मुरडत, शिव्या घालत तो कामाला लागला. बोथट पात्याला गाल कशाला लावायचा? पाच महिन्यांत त्याची दाढी गळ्यापर्यंत आली.

त्याच सुमारास चौकातल्या सलूनवाल्यासाठी त्यानं एक वस्तारा करून दिला. तीस वर्षांचं गिऱ्हाईक. चौथ्या दिवशी तो रुमालात गुंडाळलेला वस्तारा घेऊन परत आला.

"भाऊ, माणसाच्या गळ्यावर ठेवला, तर नुसता घसरतोय. फेस तेवढा निघाला."

गुळगुळीतभाऊनं पात्यावर अंगठा फिरवला. पातं घासलेलं होतं, चकाकत होतं, आणि धार लावायच्या आधीच हात थांबला होता. पाच महिने जिथे थांबायची सवय लागली, तिथेच.

"पोरीनं डबी बदलली वाटतं, भेटीतला बिनधारेचा दिला," तो म्हणाला.

टेबलाशी फिती बांधत बसलेल्या मुलीनं मान वर केली. बापाकडे नीट बघून घेतलं.

"हो काका, चुकलं माझं. तुमचा पाठवून देते."

"तरी मी म्हटलं, भाऊंच्या हातून असं होणं शक्य नाही," म्हणत सलूनवाला समाधानानं निघून गेला.

साहेबांची किळस आली की चार शिव्या हासडून मोकळं होता यायचं. आता त्याला स्वतःची किळस आली होती, आणि मुलगी त्याचा दोष स्वतःच्या अंगावर घेऊन पुन्हा फिती बांधायला लागली होती.