पंचवीस नंबर दोन असतात

माझा नवरा जिंकून मेला.

आज वर्ष झालं. रडण्यासाठी लिहीत नाहीये. ही गोष्ट सगळ्यांना सांगायची राहिली होती. मुलाने, निखिलने, हे अकाउंट उघडून दिलंय, तर इथेच सांगते.

कॉव्हेंट्रीत आमच्या शेजारी येलेना राहते. क्रोएशियाची. ऐंशी वर्षांची, एकटी.

तिचे वडील स्तेपान पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सम्राटाच्या सैन्यात होते; क्रोएशिया तेव्हा त्याच्याच राज्यात. घरी आले ते लंगडत.

गाव म्हणालं, हा लढलाच नाही. युद्धाच्या शेवटी पुष्कळ जण पळून जंगलात लपले होते. हाही त्यातलाच, पाय तिथेच मोडला.

स्तेपान काही बोलले नाहीत. मेले तेव्हाही गावात त्यांचं नाव 'पळपुटा' हेच होतं.

येलेनाने एकदा चहा पिताना हे सांगितलं आणि एक जुनं पोस्टकार्ड दाखवलं. आघाडीवरून आईला लिहिलेलं. त्यावर रेजिमेंटचा नंबर होता. २५. आणि कंपनी सातवी.

झालं. हे रिटायर झालेले, हातात वेळ.

मी म्हटलं, "अहो, तुम्हाला काय करायचंय त्यांच्या लढाईशी?"

"माझे आजोबा त्याच युद्धात बसऱ्याला लढून परत आले, त्यांना कुणी काही विचारलं नाही. मीसुद्धा नाही. निदान ह्यांचं तरी विचारू."

लायब्ररीतून पुस्तकं आली. मी दहावीनंतर शिकले नाही, पण घरात आलेलं पुस्तक न वाचता परत पाठवणं मला जमत नाही. मीही वाचत गेले.

क्रोएशियन शिपायांची बेचाळिसावी डिव्हिजन होती. लोक तिला सैतानांची डिव्हिजन म्हणायचे. आधी सर्बियात ड्रिना नदीवर लढली, मग कार्पेथियनच्या बर्फात रशियनांशी, शेवटी इटलीत.

आणि तिथे हुकूम सुटायचे क्रोएशियन भाषेत!

हे वाचून आमचे हे खुर्चीतून उठलेच. "शैला, सम्राट बसलाय व्हिएन्नात, पण 'सावधान' मात्र शिपायांच्या भाषेत! क्या बात है!"

त्या सैन्याच्या जखमी-मृतांच्या याद्या छापलेल्या असतात. ह्यांनी फोटोकॉपी मागवल्या. दोन हिवाळे पंचवीस नंबरची रेजिमेंट शोधली.

सगळी नावं हंगेरियन. स्तेपान नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात ह्यांचं दुखणं कळलं. मग घाई सुरू झाली. बोलून नाही दाखवली, पण केमोला जातानाही पिशवीत याद्या असायच्या.

आता आमचा पत्ता. आमचं घर पंचवीस नंबर, रोडवरचं. मागच्या क्लोजमध्ये, म्हणजे बंद गल्लीतही, एक पंचवीस आहे; गल्लीचं नावही आमच्या रोडचंच. आमची निम्मी पत्रं तिकडे जातात.

एके सकाळी तिथली बाई दारात आली. "सॉरी लव्ह, हे परत तुमचंच." ह्यांच्या अपॉइंटमेंटचं पत्र होतं.

मी पाकिटावरचा पंचवीस नंबर पुन्हा वाचला. मग वर गेले.

"अहो, तुमच्या त्या सैन्यात पंचवीस नंबर एकच आहे का?"

"शैला, ते सैन्य आहे. कॉव्हेंट्री कौन्सिल नाही."

"बघा तर."

"तू खाली जा. कुकरच्या शिट्ट्या मोज."

तासाभराने वरून हाक आली. "शैलाऽऽ!"

मला वाटलं, पडले.

पलंगावर पुस्तकांचा ढीग, आणि हे लहान मुलासारखे लाल. "दोन आहेत! मी ज्यात शोधत होतो ती सगळ्या साम्राज्याच्या सैन्यातली पंचवीस. क्रोएशियन लोकांचं दल वेगळं, त्यांची पंचवीस वेगळी! आणि ती बेचाळिसाव्या डिव्हिजनमध्येच आहे!"

"मग? कौन्सिलसारखंच निघालं ना?"

"गप गं."

दोन वर्षं मी चुकीच्या घराची बेल वाजवत होतो, असं स्वतःच म्हणाले आणि खोकेपर्यंत हसले.

याद्या परत पहिल्यापासून. ह्यांच्याने आता वाचवत नव्हतं. मग मीच बोट ठेवून वाचायला लागले. जर्मन येत नाही, पण नाव ते नाव.

पाचव्या दिवशी सापडलं. स्तेपान, आडनाव तेच, गाव तेच. रेजिमेंट पंचवीस, कंपनी सातवी.

जखमी.

"परत वाच."

वाचलं.

"परत."

यादी कुठल्या महिन्याची ते ह्यांनी पाहिलं. जंगलात लपण्याच्या गोष्टींच्या कितीतरी आधीची. ठिकाण दिलेलं नसतं, पण हे म्हणाले, "तेव्हा डिव्हिजन कार्पेथियनमध्ये होती. बर्फात लढला तो, शैला. लढला."

माझी भाजी करपली. खुशाल करपू दे म्हटलं.

ह्यांनी सूट घातला. दोन महिन्यांत घराबाहेर फक्त हॉस्पिटलला गेले होते. मी म्हटलं, येलेनाला इकडेच बोलावते.

"अशी बातमी घेऊन जायची असते."

काठी टेकत गेले. वीस पावलं, त्यात तीनदा थांबले. मला हात लावू दिला नाही.

येलेना रडली नाही. वडिलांचा फोटो भिंतीवरून काढून तिने मांडीवर घेतला आणि यादीतली ओळ त्याला वाचून दाखवली. मग म्हणाली, "आता मी गावाला फोन करते."

पळपुटा म्हणणारे सगळे मरून गेले होते. तरी केला. इतकी जोरात बोलली की पलीकडच्याने टेलिफोन कानापासून लांबच धरला असेल!

तिने यादीची प्रत पाठवली, ती तिच्या भाच्याने गावच्या खानावळीत लावली. काचेच्या फ्रेममध्ये. अजून आहे.

त्या संध्याकाळी निखिलचा केंब्रिजहून फोन. "आई, बाबांचा आवाज एकदम स्ट्राँग आहे आज!"

होताच.

त्यानंतर अकरा दिवस जगले. आल्यागेल्याला, नर्सलासुद्धा, सैतानांच्या डिव्हिजनची गोष्ट सांगितली. आणि दर वेळी शेवटी, "दुसरं पंचवीस माझ्या बायकोने शोधलं."

एकतीस वर्षांच्या संसारात माझं एवढं कौतुक त्यांनी कधी केलं नव्हतं.

आज वर्षश्राद्ध. येलेनाला जेवायला बोलावलंय. मी दोन पानं बाजूला वाढली.

तिने विचारलं, "दुसरं कोणाचं?"

"तुझ्या बाबांचं."

तिने त्या पानापुढची खुर्ची नीट सरकवली. मग म्हणाली, "तिखट आहे?"

"आहे."

"चालेल. बर्फातून आलेत."

अहो, तुमच्या पानावर अळूवडी जास्त वाढलीय. पाहुण्यांनाही द्या.

जिंकलात. आता सावकाश जेवा.