तीन चुकीचे शब्द

मला धीर म्हणून नाही. कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत मी चार वेळा ओट्याशी जाऊन येते. नवागामच्या आमच्या खोलीत साड्यांचे लोंबते धागे कापायचं काम घेत होते, तेव्हा हात असे भराभर चालायचे की शेजारणी म्हणायच्या, हिच्या अंगात मशीन बसवलंय. साड्यांना ते चाललं. पोरीला नाही चाललं.

मुलगी मराठी शाळेत दुसरीला होती. वर्गात तोंडच उघडत नाही म्हणून तिच्या बाईंनी माझ्या मोबाईलवर एक खेळ पाठवला. चित्र यायचं, खाली चार शब्द, त्यातल्या बरोबर शब्दावर बोट ठेवायचं. वर एक लाल पट्टी असायची, ती सरकत सरकत संपली की वेळ संपली. दिवाळीपर्यंत वाचायला लागली नाही तर वाचनाच्या तासाला पहिलीत बसवावं लागेल, असं बाईंनी सांगून ठेवलं होतं. माझ्या जिवाला घोरच लागला.

रोज संध्याकाळी कात्री घेऊन मी तिच्या शेजारी बसायचे. चित्र यायचं आणि आमच्या राणीसरकार नुसत्या बघत राहायच्या. पट्टी अर्ध्यावर यायची, माझं बोट शिवशिवायचं, की मीच दाबून मोकळी. फोनमधून टाळ्या वाजायच्या आणि तिच्या नावावर एक तारा जमा व्हायचा. माझा खान्देशी नवरा जेवता जेवता म्हणायचा, "अवं, तिले करू दे ना." मी म्हणायचे, तुम्ही गुमान जेवा.

महिनाभरात तिचे तारे वर्गात सगळ्यांत जास्त झाले. बाई इतक्या खूश झाल्या की पालकसभेत तिलाच खेळून दाखवायला उभं केलं. बदकाचं चित्र आलं. खाली बदाम, बादली, बदक, बाजार. ती बघत राहिली. मी मागच्या बाकावर पर्सचा बंद पिळत होते. पट्टी संपली. पुढच्या चित्राला तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. सभा संपल्यावर बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की सोमवारपासून तिला पहिलीत बसू दे. ताऱ्यांबद्दल त्यांनी काही विचारलंच नाही, त्याचीच मला जास्त लाज वाटली.

रिक्षात मी तिला नको नको ते बोलले. एवढंसं बदक ओळखता येत नाही का, चार लोकांत माझं नाक कापलंस, सगळं काढलं. ती दांडी धरून बसली होती, रडत नव्हती. मी दमून गप्प झाल्यावर म्हणाली, "मी चारी वाचते, आई. बाजार वाचायचा राहिला होता. घरी तू दाबतेस, मग बाकीचे निघून जातात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रिक्षा तशीच परत फिरवायला लावली. बाई वर्गाला कुलूप लावत होत्या. मी त्यांना सगळं सांगून टाकलं, तारे कुणाचे तेही. म्हटलं, पट्टी नको, नुसतं पुस्तक द्या तिच्या हातात, लागेल तेवढा वेळ लागू दे. त्यांनी कुलूप काढलं, तिला आत घेतलं आणि मला बाहेरच थांबायला सांगितलं.

मी दारापुढे येरझाऱ्या घालू लागले. आतून तिचा आवाज आला. दोन शब्द, मग काहीच नाही. किती वेळ काहीच नाही. पुढचा शब्द कोणता ते मला ठाऊकसुद्धा नव्हतं, तरी माझे ओठ हलायला लागले. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. मग तिसरा शब्द आला.