बस्त्यातली राखाडी साडी

आमच्या घरात नवी साडी दिसली की पहिला प्रश्न येतो, 'कोणी दिली?' साडी विकतही मिळते हे कोणाच्या गावीच नाही. माझं कपाट साड्यांनी गच्च भरलेलं आहे आणि त्यातली एकही मी निवडलेली नाही. ही भाचीच्या लग्नातली, ती दिरांच्या वास्तुशांतीची, पलीकडची मोरपंखी व्याह्यांकडची. सगळ्यांत वर एक चटणी कलरची आहे. ती कोणी दिली ते कोणालाच आठवत नाही. दर लग्नसराईत मी ती कोणाला तरी द्यायचं ठरवते आणि दर लग्नसराईत ती घरीच राहते.

मी शाळेत चित्रकला शिकवते. दिवसभर पोरांना ओरडत असते की रंग स्वतःच्या मनाने भरा, शेजारच्याच्या कागदात डोकावू नका. आणि हे ओरडताना अंगावर असते दिरांची वास्तुशांत.

मला राखाडी साडी हवी होती. साधी राखाडी, बारीक हळदी काठ, बाकी काही नाही. असली साडी आहेरात कोणी देत नाही. दिली तर सोयरीक मोडेल. म्हणजे ती माझी मलाच घ्यावी लागणार होती आणि या गोष्टीचा मला फार आनंद होत होता.

एकदा तसा प्रयत्न केलाही होता. फोनवरून मागवली. पार्सल आलं तेव्हा नेमक्या धुळ्याच्या नणंदबाई आल्या होत्या. पार्सल त्यांनीच फोडलं. साडी हातावर घेतली, काठ चाचपला आणि म्हणाल्या, "छान आहे गं." आमच्या घरात या वाक्याला एकच उत्तर असतं. ते माझ्या तोंडून आपोआप निघालं, "घ्या ना मग तुम्हाला." त्यांनी आढेवेढे घेतले, तेही रीतीप्रमाणे, आणि साडी धुळ्याला गेली. मी रात्रभर स्वतःवर चिडले होते. नणंदबाई वाईट नाहीत हो. पण साडी गेली ती गेलीच.

म्हणून या वेळी मी कोणाला पत्ता लागू दिला नाही. जळगावच्या पिंप्राळ्यात आमच्या कॉलनीतून एकटीने बाजारात जाणं सोपं नसतं. गेटपाशी शेजारीण उभी असते आणि साडीचं नाव काढलं की ती चपला घालून तयार. दवाखान्यात जाते म्हटलं तरी येते, उलट जास्त उत्साहाने येते. मी म्हटलं, शाळेत मीटिंग आहे. मीटिंगला मात्र कोणी सोबत येत नाही.

रिक्षातून उतरून मी त्या मोठ्या दुकानात शिरले. दुकान राजस्थानकडच्या शेठजींचं, तीन पिढ्यांचं. बाहेर ऊन भाजून काढत होतं आणि आत एसीचा असा गारवा की नुसत्या त्यासाठी पाचवारी घ्यावी. दारातल्या सेल्समन भाऊंनी ठरलेला प्रश्न केला, "देण्याघेण्यातली दाखवू की नेसायची?"

"नेसायची," मी म्हटलं. मला इतकं बरं वाटलं ते म्हणताना!

"मग वरती जा ताई. चांगला माल बस्त्यासाठी वरतीच काढलेलाय."

बस्ता म्हणजे लग्नाची कपडेखरेदी. मुलाकडचे आणि मुलीकडचे, दोन्ही घरचे गाड्या भरून एकाच दुकानात येतात. नवरीच्या शालूपासून नवऱ्याच्या आजीच्या नऊवारीपर्यंत सगळं एका बैठकीत घेतात. बैठक सकाळी सुरू होते आणि कोणीतरी रुसल्याशिवाय संपत नाही. वर गेले तर पांढऱ्या गाद्यांवर असा बस्ता ऐन रंगात आला होता. एका भिंतीला पाचोऱ्याकडची मंडळी होती, मुलीकडची. समोरच्या भिंतीला धुळ्याकडची, मुलाकडची. मधे साड्यांचा ढीग. ढिगामागे दुकानातले मिशीवाले एक भाऊ खांद्यावर शालू टाकून, डोक्यावर पदर घेऊन उभे होते. तो शालू त्यांना फार शोभत होता.

मी मधल्या रिकाम्या गादीवर टेकले. तिथेच मागच्या फळीवर ती दिसली. राखाडी, आणि काठ हळदीच, जसा मनात होता तसाच. मी स्वतःच उठून ती काढली.

मिशीवाल्या भाऊंनी पदराआडून सांगितलं, "ताई, ती चालत नाही. आम्हीच वैतागलोय तिला."

"मला चालते," मी म्हटलं आणि साडी मांडीवर घेऊन बसले. तिथून निघून जायला हवं होतं. पण एसी होता, साड्या फडाफड उलगडत होत्या, एकीपेक्षा एक रंग समोर पडत होते आणि मला काहीच ठरवायचं नव्हतं. इतकी मजा मला कितीतरी दिवसांत आली नव्हती.

तेवढ्यात मुलीकडची एक काकू कपबशी घेऊन आली. "चहा ल्या ना अक्का," म्हणाली. मी घेतला. दुकानात चहा देतातच. मग मुलाकडून थंड सरबत आलं. तेही घेतलं. मग इकडून खारे शेंगदाणे, तिकडून पेढा. जळगावची माणसं किती अगत्याची, असं मनात म्हणत मी दोन्हीकडचं खात राहिले. मुलीकडच्यांना मी मुलाकडची मोठी कोणीतरी वाटत होते आणि मुलाकडच्यांना मुलीकडची, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि पेढा तोंडात असताना येणार तरी कसं?

मग मला विचारायला लागले. "ताई, तुम्ही सांगा, हा शालू कसा?" शालू भडक राणी रंगाचा होता. नवरी कोपऱ्यात बसलेली, सावळी, तरतरीत पोरगी. तिची नजर पुन्हा पुन्हा ढिगातल्या एका जांभळ्या शालूवर जात होती. पण तिला कोणी विचारत नव्हतं. विचारत होते मला! चित्रकलेच्या बाईला रंगाबद्दल विचारलं तर ती गप्प बसेल का? "हा अंगावर येतो," मी म्हटलं. दोन्ही भिंतींनी माना डोलावल्या. एक साडी बाद केली, दुसरी केली. माझ्या शब्दाला इतका मान माझ्या स्वतःच्या लग्नातही नव्हता.

मुलाच्या आत्याला मात्र हे सोसेना. आत्याबाई चांगल्या भरदार होत्या, आणि लग्नात मुलाच्या आत्याचं वजन आधीच जास्त असतं. त्यांच्या मानाची साडी मुलीकडचे देणार होते. सकाळपासून त्यांनी सगळ्या साड्यांना नाकं मुरडली होती. आता त्यांचं लक्ष माझ्या मांडीवर गेलं. त्यांनी सरळ हिशेब केला की मुलीकडच्या या बाईने सगळ्यांत भारी साडी आधीच दाबून ठेवली आहे, नाहीतर अशी घट्ट धरून का बसली असती?

"हाई साडी माले जोयजे," आत्याबाई म्हणाल्या. आणि त्यांनी पदर धरला.

मी दुसरं टोक धरलं. "ही मी घेतलीय."

"दखाडा तं खरी."

"नाही दाखवत."

मिशीवाले भाऊ कळवळून म्हणाले, "अहो आत्याबाई, ती राखाडी आहे! लग्नात कुठं नेसाल? तुम्हाला गुलबक्षी काढतो." आत्याबाईंना राखाडीशी घेणंदेणं नव्हतं. मी जितकी घट्ट धरत होते तितकी साडी त्यांच्या डोळ्यांत भारी होत होती.

नवरीचे वडील हात जोडून पुढे आले. चेहरा रडवेला. "ताई, देऊन टाका ना. तुमच्या घरच्याच मोठ्या आहेत त्या. तुम्हाला याच्याहून चांगली घेतो."

माझी जीभ उचललीच होती. 'घ्या ना मग' हे शब्द तोंडात तयार होते. पेढ्याची चव अजून होती, सरबताचं ओझं होतं, लग्नघर होतं, आणि समोर एक बाप हात जोडून उभा होता. मला कपाटातल्या त्या सगळ्या साड्या आठवल्या. सगळ्यांत वरची चटणी कलरचीही आठवली.

"नाही देणार," मी म्हटलं. आवाज वर्गात चढतो तसा चढला होता.

आत्याबाई मुलीच्या आईकडे वळल्या, "तुमनी बाईले सांगा की वं काही!"

"आमची?" मुलीची आई म्हणाली. "त्या तुमच्या ना?"

"आमन्या? माय वं! आम्हीन तं आज पहिल्यांदा देखी ऱ्हायनू."

दोन्ही भिंती माझ्याकडे वळल्या. नवरीच्या वडिलांनी जोडलेले हात सोडले. आत्याबाई डोळे वटारून म्हणाल्या, "मंग तुम्ही शेतस तरी कोनाकडन्या?"

काय सांगणार? साडीचा गोळा पोटाशी धरला आणि म्हटलं, "मी माझ्याकडची."

आत्याबाईंनी हे उत्तर थोडा वेळ तोंडात घोळवलं. पटलं नाही. "मंग आमनं सरबत काबर पिऊन ऱ्हायन्यात?"

"तुम्ही दिलं म्हणून," मी खरं तेच सांगितलं.

पहिली हसली ती नवरी. अशी हसली की तिला ठसका लागला, मग काकू हसली, मग मिशीवाले भाऊ पदरात तोंड घालून हसले. आत्याबाईंनी पदर सोडला. कोणाकडचीच नसलेल्या बाईची साडी त्यांना आता तितकी भारी दिसेना. आणि हसू ओसरायच्या आतच नवरी म्हणाली, "बाबा, मला राणी कलर नको. तो जांभळा हवा." कोणी काही बोलायच्या आत भाऊंनी राणी रंग उतरवून जांभळा अंगावर घेतला होता. तोही त्यांना छान दिसत होता.

खाली काउंटरवर शेठजींनी विचारलं, "मुलाकडच्या बिलात की मुलीकडच्या?" मी फोन काढून पैसे भरले. साडी त्यांनी 'शुभविवाह' छापलेल्या लाल पिशवीत घालून दिली, कारण लग्नसराईत दुकानात दुसरी पिशवीच नसते. ती घेऊन कॉलनीत शिरले तर शेजारीण गेटपाशीच होती. "मीटिंगमध्ये लग्न ठरलं का कोणाचं?" तिने विचारलं.

घरी यांनी पिशवीत डोकावून पाहिलं. "कोणी दिली?"

"मी घेतली."

"कोणाला द्यायला?"

"मला."

यांनी जरा विचार केला. "पण तुझ्याकडे काही कार्य आहे का?" हे काळजीने विचारत होते. वाढदिवस विसरलो की काय, अशी शंका यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती.

"काही नाही," मी म्हटलं. यांना ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण चहा यांनीच केला.

पुढच्या रविवारी मी ती साडी घरातच नेसले. नेमक्या धुळ्याच्या नणंदबाई आल्या. दारातच थांबल्या, जवळ आल्या, पदर बोटांत धरून काठ चाचपला.

"छान आहे गं," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या.

यांनी पेपर खाली केला. मीही थांबले.

"हो ना," मी म्हटलं. "मलाही फार आवडली." आणि त्यांच्या बोटांतून हळूच पदर सोडवून घेऊन पोहे करायला आत गेले.