मापमावशीचे शून्य प्रवास

बसमधल्या डबीला कार्ड लावायचं नाही, असं मापमावशीने ठरवलं त्याला चार वर्षं झाली होती, आणि तो निश्चय तिने अगदी कसोशीने पाळला होता.

त्याला कारणं दोन. पहिलं, कार्डावरचा फोटो. फोटो काढणारा "हलू नका" म्हणाला तेव्हा मावशी शिंकायच्या बेतात होती, आणि त्याच अवस्थेत ती सरकारदरबारी कायमची छापली गेली. दुसरं कारण डबी स्वतःच. ड्रायव्हरच्या शेजारी बसवलेल्या त्या काळ्या डबीला कार्ड टेकवलं की ती आधी बराच वेळ विचार करायची, मग टूं असा आवाज काढायची आणि मागच्या सीटवर झोपलेला माणूसही दचकून उठेल अशा आवाजात जाहीर करायची, "ज्येष्ठ नागरिक! मोफत प्रवास!" अडुसष्टाव्या वर्षीही केस काळेभोर ठेवणाऱ्या बाईने हे रोज चारदा का ऐकून घ्यावं?

तिला ते ऐकावं लागतही नव्हतं. मावशीने एकतीस वर्षं बस डेपोच्या शिवणखोलीत ड्रायव्हरांच्या पँटी शिवल्या होत्या. खोली टीचभर. खिडकीतून गाड्या धुताना उडणारं पाणी आत यायचं, भिंतीवर खुंट्यांना अर्धवट शिवलेले गणवेश उलटे लटकत असायचे. त्या खोलीत मोठमोठे मिशाळ ड्रायव्हर पोट आत ओढून उभे राहायचे आणि मावशी टेप गुंडाळून खरा आकडा मोठ्याने म्हणायची. म्हणून ती मापमावशी. माणसांची नावं तिच्या कधी लक्षात राहिली नाहीत, कमरा राहिल्या. "आज छत्तीस सुट्टीवर आहे वाटतं," असं ती म्हणायची आणि डेपोत सगळ्यांना कळायचं. अशी बाई बसमध्ये चढल्यावर कार्ड दाखवा म्हणायची कुणाची छाती आहे? "बसा मावशी, राहू द्या ते कार्ड," असं ड्रायव्हर म्हणायचे आणि मावशी विमानात बसल्यासारखी खिडकीशी जाऊन बसायची.

ती रोज जायची ताईकडे. दोन बस बदलून, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. ताई म्हणजे सख्खी मोठी बहीण, चौऱ्याहत्तर वर्षांची. दोन वर्षांपूर्वी खुबा मोडला तेव्हापासून ताई वॉकर धरून स्वयंपाकघर ते पलंग एवढीच हिंडायची. ऐकू कमी यायचं, त्यामुळे फोनवर ती फक्त स्वतःचंच बोलायची. थोडक्यात, तिच्याशी भांडायचं तर समोर बसूनच भांडावं लागे.

आणि भांडण तर होतंच. चाळीस वर्षं जुनं, आईच्या शिलाई मशीनवरून. आई गेल्यावर मशीन ताईने ठेवून घेतलं. जिला साधं बटण लावता येत नाही, तिने. आता त्या मशीनवर ताईचा टीव्ही होता. मावशी रोज दुपारी जायची, त्या टीव्हीकडे बघून एक उसासा टाकायची, ताई म्हणायची, "आली लगेच डोळा ठेवायला," आणि मग दोघी रमी खेळत संध्याकाळपर्यंत एकमेकींचा उद्धार करायच्या. पत्त्यांत दोघीही लबाडी करायच्या, त्यामुळे हिशेब सारखाच राहायचा. मावशीला ताईशिवाय कुणी नव्हतं आणि ताईला मावशीशिवाय. हे दोघींनाही पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर कुणी बोलून दाखवत नव्हतं.

अशात स्टॉपवर नोटीस लागली. ज्येष्ठांचा मोफत प्रवास बंद करण्याचा विचार आहे, हरकती असतील त्यांनी सुनावणीला यावं. रोजची चार तिकिटं मावशीच्या पेन्शनला झेपणारी नव्हती. फार फार तर आठवड्यातून एकदा जाता आलं असतं. आणि आठवड्यातून एकदा जाऊन भांडण टिकतं का? दुसऱ्या वेळी माणसं एकमेकांची तब्येत विचारायला लागतात, आणि मग सगळंच संपलं.

सुनावणीला मावशी पहिल्या रांगेत. समोर टेबलामागे परिवहन खात्याचे साहेब, लॅपटॉप उघडून बसलेले. माणूस सभ्य, पण इस्त्री जरा जास्त झालेला.

"कार्डं ढीगभर वाटली," साहेब म्हणाले, "पण नोंदी पाहिल्या तर वापर जवळपास नाहीच. ज्येष्ठांना या सवलतीची गरज दिसत नाही."

मावशी उठली. "गरज दिसत नाही? डोळे तपासून घ्या तुमचे! मी रोज जाते. रोज! पाऊस असो, ऊन असो. माझ्या बहिणीला माझ्याशिवाय कोण आहे? इथे बसून तुम्हाला काय कळणार हो बसमध्ये कोण असतं ते?"

टाळ्या पडल्या. साहेबांनी शांतपणे विचारलं, "तुमचा कार्ड नंबर?"

मावशीने फोटोवर अंगठा दाबून नंबर वाचला. साहेबांनी टाइप केला, बघितलं, पुन्हा बघितलं आणि लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

"चार वर्षांत तुमचे प्रवास शून्य, बाई."

सभागृह हसलं. मावशीने मागे पाहिलं. दाराशी 'बेचाळीस' उभा होता, तिच्या रोजच्या पहिल्या बसचा ड्रायव्हर. तो पांढराफटक पडला होता. दोघांच्या डोक्यात एकदमच प्रकाश पडला. बसा मावशी, बसा काका, राहू द्या ते कार्ड. डबीला वेळ लागतो म्हणून, आणि म्हाताऱ्यांना चारचौघांत म्हातारं म्हणवून घ्यायची लाज वाटते म्हणून, गावातल्या सगळ्या ड्रायव्हरांनी सगळ्या म्हाताऱ्यांना चार वर्षं प्रेमाने तसंच आत सोडलं होतं. त्या प्रेमाची नोंद कुठेच नव्हती.

"साहेब," मावशीचा आवाज पहिल्यांदाच खाली आला, "एक महिना द्या. पुन्हा मोजा."

साहेबांनी महिना दिला. इस्त्रीखाली माणूस होता म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी मावशी बसमध्ये चढली आणि कार्ड डबीला टेकवलं. डबीने विचार केला, टूं केलं आणि साऱ्या बसला मावशीचं वय सांगितलं. मावशीचे कान लाल झाले, पण ती हलली नाही. ती पहिल्याच सीटवर बसली आणि चढणाऱ्या प्रत्येक पिकल्या डोक्याला अडवू लागली. "कार्ड लावा. आधी कार्ड, मग गुडघे."

पोहायला शिकवणारे एक मास्तर होते. वय एकाहत्तर. ते ऐटीत म्हणाले, "मी अजून त्या वयाचा नाही." तिसऱ्या सीटवरच्या बाईंना त्यांनी अठ्ठावन्न सांगितलं होतं.

"मास्तर, लावा," मावशी म्हणाली, "नाहीतर महिन्याभराने तिकीट काढून खोटं बोलावं लागेल."

मास्तरांनी मान खाली घालून कार्ड लावलं. डबी बोंबलली. त्यावर तिसऱ्या सीटवरच्या बाई निमूटपणे उठल्या आणि त्यांनीही पर्समधून आपलं कार्ड काढलं. पुढच्या आठवड्यात ती दोघं एकाच सीटवर दिसली, पण तो आपला विषय नाही.

बस उशिरा धावायला लागल्या. चौथ्या दिवशी बेचाळीस वैतागला. "मावशी, प्रत्येक स्टॉपला पाच मिनिटं जातात! मला वरून बोलणी बसतात. आजच्या दिवस तशाच बसा ना!"

"तुझ्या कमरेचा खरा आकडा सांगू का सगळ्या बसला? लग्नाच्या वेळचाही सांगते, मग फरक प्रवासीच काढतील."

बेचाळीसने निमूट गाडी थांबवली. दोन दिवसांत ही धमकी डेपोभर पसरली आणि सगळ्या मार्गांवर म्हातारी माणसं रांगेत उभी राहून आपापलं वय जाहीर करून घेऊ लागली.

ताईला यातलं सगळं रोज कळत होतं. "तुला सगळ्या गावासमोर म्हातारी म्हणतात?" ती खूश होऊन विचारायची. "रोज चारदा? वा!" तिचं स्वतःचं कार्डही होतं. टीव्हीखाली, त्याच मशीनच्या ड्रॉवरमध्ये, कोरं करकरीत.

महिन्याचा शेवटचा दिवस आला आणि मावशी तापाने फणफणली. सकाळी उठून कपडे केले, दारापर्यंत गेली आणि भिंत धरून खाली बसली. तिला रडू आलं. चार टूं गेले म्हणून, आणि ताई दुपारभर दाराकडे बघत बसेल म्हणून. फोन केला तर ताई पलीकडून "कोण? मोठ्याने बोल!" एवढंच ओरडत राहिली.

दुपारी चारच्या सुमाराला दारावर काहीतरी आपटलं. मावशीने दार उघडलं. वॉकर पुढे, ताई मागे, आणि तिच्या मागे बेचाळीस, घामाघूम, तिची पिशवी धरून.

"दोनदा!" ताई दारातूनच ओरडली. "दोनदा म्हातारी म्हणाली मला ती डबी! तुझ्यामुळे. सरक बाजूला."

मावशीने तिला आत घेतलं. "ताई, दोन वर्षं तू घराबाहेर पडली नाहीस."

"गरज काय होती? तू येत होतीस ना."

ती धापा टाकत पलंगावर बसली. पिशवीतून पत्ते काढले, पिसायला लागली. मावशी न राहवून म्हणाली, "एवढं करता येतं, तर चाळीस वर्षांत ते मशीन द्यायला काय झालं होतं गं तुला?"

ताईला हे मात्र पहिल्या झटक्यात ऐकू आलं. ती पत्ते वाटत होती, वर न बघता म्हणाली, "दिलं असतं तर आली असतीस का रोज?"

मावशीने पत्ते उचलले. त्यातलं तिला काहीच दिसत नव्हतं. त्या डावात ताईने राजरोस लबाडी केली आणि मावशीने आयुष्यात पहिल्यांदा ती चालू दिली.

तीन आठवड्यांनी निकाल आला. सवलत राहिली. साहेबांनी पत्रात लिहिलं होतं की ज्येष्ठांचा प्रवास 'अनपेक्षितरीत्या वाढला' आहे. वाढला कसला डोंबलाचा! तो होताच.

तेव्हापासून ताई दर गुरुवारी मावशीकडे येते. मशीन अजून टीव्हीखालीच आहे. एका गुरुवारी संध्याकाळी मावशी तिला बसपर्यंत सोडायला गेली. ड्रायव्हर नवीन होता, मनाने चांगला. वॉकर बघून लगेच हात धरायला उठला आणि म्हणाला, "बसा आजी, राहू द्या ते कार्ड."

"राहू देऊ नकोस!" दोघी बहिणी एकदम ओरडल्या.

चाळीस वर्षांत दोघींचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. त्या एकमेकींकडे जरा घाबरूनच बघायला लागल्या. मग ताईने कार्ड टेकवलं, आणि डबीचा विचार पुरा होईपर्यंत सगळी बस थांबून राहिली.