लोणावळ्याची हरवलेली घंटा

मी लोणावळ्याला फौजदार असताना पोलीस ठाण्यातली घंटा चोरीला गेली ते चार दिवस आजही आठवतात, आणि आठवतात तेही धुक्यातूनच.

महायुद्धाचा काळ. घड्याळं मोजक्या घरांत. ओसरीवरच्या पितळी घंटेवर पहाऱ्याचा शिपाई तासातासाला टोल देई आणि अख्खं लोणावळा त्यावर चाले. श्रावणात सूर्य दिसेना, त्यात घंटा गेली. गाव पेंगुळलं. शाळा केव्हाही सुटे, दुकानदार गल्ल्यावर डुलक्या घेत. खरं सांगतो, मलाही ते गोड वाटू लागलं होतं. पण त्या शिपायाची नोकरी जाणार होती, पेन्शनीला वर्ष उरलेलं असताना.

जबाबात तो एकच सांगे, "ताक पिऊन भांडं इसळाया आडावर गेलतो सायेब. हितं मावशीबिगर कुणी न्हवतं."

मावशी म्हणजे ठाण्यामागे राहणारी ताकवाली. नवरा रेल्वेतला निवृत्त सांधेवाला, गाड्यांच्या वेळेवर रुळांचे सांधे बदलणारा. फौजदारालाही फैलावर घेणारी बाई, पण तिच्यावर संशय घेणं म्हणजे अंगणातल्या तुळशीवर घेणं.

खबर दिली डोंगरवाडीवरून मोळ्या आणणाऱ्या बाईने. "मावशी मला घडीघडी इच्यारती, बारा वाजलं न्हाईत ना? घंटाच न्हाई, तर वाजतील कुटनं?"

मी एकटाच मावशीच्या घरी गेलो. नवरा खाटेवर, छाती घरघरत होती. कणगीत हात घातला, तांदळाखाली पितळ लागलं.

"मावशी, हे काय?"

"वैद्य म्हणलं, उद्या बारापातूर काय ते. म्या म्हणलं, बारा वाजलंच न्हाईत तर हे जातील कसं? आज तिसरा दिस हाय, सायेब."

"आणि त्या शिपायाची भाकरी जाईल, ते?"

तिने घंटा स्वतःच उचलून माझ्या हातात दिली. "न्या. पर बारा तेवढं देऊ नका."

सरकारी मालाची चोरी, कलम ठरलेलं. मी डायरीत लिहिलं, दोरी कुजून घंटा आवारातल्या गवतात पडलेली मिळाली. नोकरीत खोटी नोंद केली ती तेवढीच. शिपाई सुटला. त्या दिवशी अकरानंतर थेट एक वाजला. गावात कुणी हूं की चूं केलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी फाटकात आली. कपाळ मोकळं होतं.

"गेले. आता वाजवा, सायेब."

टोल मीच दिले. अकरा झाले आणि माझा हात उचलेना.

"द्या," ती म्हणाली. "त्यास्नी टायम चुकल्याला खपत न्हवता."

पुढे कितीतरी चोर माझ्यासमोर बसले. काय नेलंस, हे मी नंतर विचारी. आधी विचारी, कशाच्या भीतीनं नेलंस? बहुतेकांजवळ उत्तर असे.