स्टार्टरच्या पेटीची किल्ली

डाळजच्या सिंधुबाईंना एवढंच हवं होतं, की विहिरीवरची मोटर आपण आपल्या हातानं सुरू करावी. दिवसा वीज यायची तेव्हा नवरा जोतीराम पारावर गप्पांत रंगलेला असायचा आणि इकडे मळ्यात वांगी माना टाकायची. पण स्टार्टरच्या पेटीची किल्ली त्याच्या करदोट्याला. म्हणायचा, "विजेच्या कामात बाईमाणसानं पडू न्हाय. शॉक बसंल."

सिंधुबाई मोठ्या आज्ञाधारक. लोणी देवकरच्या कारखान्यात लागलेल्या लेकीनं, स्वप्नालीनं, घरात वॉशिंग मशीन आणलं, तशा त्या लांब सरकल्या.

"अवं, विजेचं हाय ते. तुमीच चालवा."

"आगं, धुणं बाईचं काम!"

"वढ्यावर. हितं बटण हाय."

आठवडाभर जोतीरामराव अंगणात बायकोच्या साड्या वाळत घालत होते, आणि पारावरची मंडळी मुद्दाम त्याच रस्त्यानं जात होती. मग लेकीनं मिक्सर आणला. चटणी वाटायची पाळी समोर दिसताच त्यांनी करदोट्याची गाठ सोडली.

"ही घे किल्ली. शॉकबिक काय बसत न्हाय."

"मला बाई भ्या वाटतं," असं म्हणेपर्यंत सिंधुबाई मळ्याच्या वाटेला लागल्यासुद्धा होत्या.