कड्याखालचे चाचा

केडगावला सायकली दुरुस्त करणारे एक चाचा मला रविवारी सकाळी कासुर्डीमागच्या डोंगरावर भेटायचे. नव्वदच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. मी एकटाच चढायचो, तेही एकटेच. पायात चपला, खांद्यावर टॉवेल आणि चढताना स्वतःशीच पुटपुटणं, "हां, चला, व्हय." शेवटच्या उघड्या चढाखाली आले की ते दगडावर बसायचे आणि तिथूनच परत फिरायचे. माथा तर समोर दिसत असायचा.

"वर नाही येत?" असं विचारलं की म्हणायचे, "वारा हितंबी लागतोय की."

मला ते पटायचं नाही, पण खोदून विचारणं बरं दिसेना.

एकदा बायको आणि मुलगी बरोबर होत्या. त्या चढावर मुलगी मध्येच बसली आणि रडायला लागली. आम्ही दोघं समजावून थकलो. खालून चाचा हळूहळू वर आले आणि तिच्याशेजारी टेकले.

"मलाबी लई भ्या वाटतं, बाळा," ते म्हणाले. "म्हणून मी कवाच वर गेलो न्हाई. आज दोघं मिळून जायचं का?"

तिने डोळे पुसून त्यांचा हात धरला. बसत, सरकत दोघं माथ्यावर पोचले. तिथं चाचांनी डोळे गच्च मिटून घेतले.

"काय काय दिसतंय, सांग मला."

ती सांगत राहिली. ऊस, हायवेवरचे ट्रक, देवळाचा कळस. लांबून रेल्वे येताना दिसली, तसा चाचांनी हळूच एक डोळा उघडला.